सेलम ते बॉल्टिमोर : जुन्या अमेरिकन फर्निचरच्या शोधात

गुरुवार : सेलम

मामांचं उभं आयुष्य सांगलीत फर्निचर करण्यात गेलं. ते आमच्याकडे न्यू जर्सीत आले तेव्हा आधी नायगारा झाला, टाइम्स स्क्वेअर झाला, आणि मग मी त्यांना माझ्या आवडीच्या वाटेवर नेलं. ही वाट अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या फर्निचरची. इथे त्याला फेडरल शैली म्हणतात. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, तिथपासून साधारण १८२० पर्यंतचा हा काळ. संग्रहालयात या वस्तूंसमोर उभे राहिलेले लोक आधी मालकाचं नाव वाचतात. मला मात्र ती कुणी केली, कशी केली आणि त्याचे त्याला काय पैसे मिळाले हे बघायचं होतं. मामा सोबत असले की हे सोपं जातं, कारण कुठल्याही टेबलासमोर ते आधी खाली वाकतात.

बॉस्टनच्या उत्तरेला किनाऱ्यावर असलेलं सेलम आज आटोपशीर गाव वाटतं. १७९० च्या जनगणनेत ते देशातल्या पहिल्या दहा शहरांत होतं, आणि ते समुद्राच्या जोरावर. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश साम्राज्यातले व्यापाराचे जुने हक्क गेले, तेव्हा इथल्या जहाजमालकांनी सरळ आशियाची वाट धरली. सुमात्राची मिरी, चीनमधल्या कँटनचा चहा, कलकत्त्याचं कापड. इलायस हॅस्केट डर्बी यांचं ‘ग्रँड टर्क’ जहाज १७८६ मध्ये कँटनला पोहोचलं. १७९९ मध्ये गावातल्या कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेल्यालाच तिचं सभासद होता येई. त्यांनी जमवलेल्या वस्तूंमधून आजचं पीबडी एसेक्स म्युझियम उभं राहिलं. त्या संग्रहात मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं चित्रही आहे. सेलमची जहाजं मुंबईला लागली की त्यांची देवघेव ते बघत. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच हिशेब मांडला, “म्हणजे पेशवाई चालू होती तेव्हा.” होतीच. सवाई माधवरावांचं निधन १७९५ मधलं, आणि ज्या कपाटासाठी मी मामांना उद्या बॉस्टनला नेणार होते ते १७९६ मधलं.

जहाजांनी आणलेला पैसा घरांत गेला, आणि घरं सॅम्युअल मॅकिंटायरच्या हातात गेली. जन्म १७५७ चा, सुताराचाच मुलगा. तो कोरीवकाम करायचा, आणि हळूहळू घरांचे आराखडेही काढू लागला. एसेक्स स्ट्रीटवरचं गार्डनर-पिंग्री घर हे त्याचं १८०४-०५ मधलं काम. विटांचं, तीन मजली, बाहेरून अगदी शांत. आत शेकोटीच्या चौकटीवर त्यानं गव्हाच्या पेंढ्या कोरल्या आहेत. फळांनी भरलेली परडी, द्राक्षांचे घोस, पेंढ्या ही त्याची नेहमीची नक्षी, आणि दुसऱ्या सुतारांनी केलेल्या सोफ्यांवर, खुर्च्यांवरही ती दिसते. तेव्हाची पद्धतच तशी होती. सांगाडा एकानं करायचा आणि कोरण्यासाठी दुसऱ्याकडे पाठवायचा.

तिथल्या एका सोफ्याच्या माथ्यावरची परडी मामांनी बराच वेळ बघितली. “फळं सोड,” ते म्हणाले, “मागची जमीन बघ.” नक्षीमागच्या सपाट जागेवर बारीक चांदण्यांचे ठसे होते, लोखंडी ठशानं एकेक ठोकून उठवलेले, एकाला एक लागून. त्यानं दोन कामं होतात. जमीन खरखरीत होऊन काळसर दिसते आणि वरची फळं उठून येतात. आणि कोरताना पटाशीचे जे ओरखडे राहतात ते झाकले जातात. मामांच्या मते दुसरं कारण जास्त खरं. त्यांनी स्वतः देव्हाऱ्यांच्या कामात खिळ्याचं टोक घासून असा ठसा केला होता आणि त्याच कारणासाठी वापरला होता.

मॅकिंटायर १८११ मध्ये गेला. चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत त्याचा दगड आहे. संध्याकाळी तिथे जाऊन आलो.

शुक्रवार : बॉस्टन

म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सच्या अमेरिकन विभागात मला दोन वस्तू दाखवायच्या होत्या, आणि दुपारपर्यंत आम्ही त्या दोन वस्तूंपाशीच होतो.

पहिलं ते दुमजली खणांचं कपाट. डर्बी घराण्यासाठी १७९६ मध्ये केलेलं. सांगाडा विल्यम लेमन या सुताराचा, कोरीवकाम मॅकिंटायरचं. पुरुषभर उंचीच्याही वर जाणारं मॅहॉगनी, माथ्यावर एक स्त्रीमूर्ती, खाली फुलांच्या माळा, फळांनी भरलेली शिंगं. या कपाटाचा थाट मला फार आवडतो, तरी त्यापेक्षाही आवडतं ते हे की दोन्ही कारागिरांची नावं आपल्याला माहीत आहेत. डर्बी मंडळी हिशेबाला पक्की होती आणि त्यांचे कागद टिकले. त्या काळच्या बहुतेक फर्निचरखाली ‘अमक्याच्या हातचं असावं’ एवढंच लिहिता येतं, कारण कारागीर सही करत नसत आणि कागदी लेबल चिकटवलंच तर दोनशे वर्षांत ते गळून जातं.

दुसरी वस्तू त्याच घराण्यातल्या एलिझाबेथ डर्बी वेस्ट यांची. इलायस डर्बी यांची ही मुलगी. १८०६ मध्ये तिनं नवऱ्यापासून घटस्फोट घेतला. त्या काळात सेलमसारख्या गावात ही केवढी मोठी गोष्ट असेल! स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या आवडीनं तिनं ओक हिल नावाचं घर सजवलं. त्या घरातल्या तीन खोल्या आज याच संग्रहालयात उभ्या आहेत. तिच्यासाठी थॉमस सीमोरनं १८०९ मध्ये एक अर्धगोल कमोड केलं. कमोड म्हणजे इथे भिंतीला लावून ठेवायचं ठेंगणं कपाट. त्याच्या वरच्या फळीवर मॅहॉगनी, सॅटिनवुड आणि बारीक डोळ्यांच्या मेपलच्या पाकळ्या मध्यापासून कडेपर्यंत पसरत गेल्या आहेत, आणि जिथून त्या निघतात तिथे समुद्रातले शिंपले रंगवले आहेत. बिल आजही आहे. कपाटाचे ८० डॉलर. शिंपले रंगवले जॉन रिटो पेनिमन यानं, त्याचे वेगळे १० डॉलर.

मामा त्या पाकळ्या मोजायला लागले. मी विचारलं, “मामा, हे सगळं व्हिनियर आहे ना?”

“व्हिनियरच. पण तुझ्या प्लायवुडवरचं नाही. हे हातकरवतीनं कापलंय, जाड असणार. आणि बघ, प्रत्येक पाकळीची रेघ कडेला आल्यावर रुंद होते. म्हणजे प्रत्येक तुकडा निमुळता कापून शेजारच्याशी घासून बसवलाय. एक चुकला की शेवटचा बसत नाही.”

‘व्हिनियर’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना स्वस्तातलं, आतून पोकळ काम वाटतं. फेडरल काळात उलट होतं. मॅहॉगनीचा जिथे बुंधा दुभागतो तिथल्या लाकडात आगीच्या ज्वाळांसारखी रेघ येते. ते लाकूड महाग, थोडं मिळणारं, आणि भरीव वापरलं तर वाकतं, तडकतं. म्हणून त्याचे पातळ पदर काढायचे, लागोपाठचे दोन पदर पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी लावायचे आणि खाली पांढऱ्या पाइनसारखं स्थिर लाकूड ठेवायचं. आधीच्या पिढीतलं फर्निचर वळणांनी आणि भरीव कोरीवकामानं बोलायचं. या पिढीचं रंगांनी आणि रेघांनी बोलतं. सरळ निमुळते पाय, कडेनं फिकट लाकडाची दोऱ्याएवढी रेघ, लंबगोलात जडवलेला गरुड, म्हणजे नव्या राष्ट्राचं चिन्ह.

आराखडे मूळचे इंग्लंडचे. हेपलव्हाइटचं नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर बायकोनं १७८८ मध्ये छापलं, शेरेटनचं १७९१ पासून निघू लागलं. ती पुस्तकं जहाजांतून आली, आणि त्याच जहाजांतून कारागीरही आले. सीमोर बापलेक डेव्हनमधून १७८४ मध्ये आधी मेनमधल्या पोर्टलंडला उतरले, १७९३ मध्ये बॉस्टनला आले. ज्या देशाशी नुकतंच युद्ध झालं त्याचीच शैली या नव्या देशानं उचलली, आणि तिच्यावर आपला गरुड बसवला. मला यात कमीपणा वाटत नाही. नवीन राष्ट्रानं आपली भाषा, कायदे आणि खुर्च्या कुठून तरी घेतल्याच असत्या. पाहायचं ते त्यांचं पुढे काय केलं.

संध्याकाळी केंब्रिज स्ट्रीटवरचं ओटिस हाउस बघितलं. चार्ल्स बुलफिंच यानं १७९६ मध्ये आखलेलं घर. पुढे त्याचं लॉजिंग-बोर्डिंग झालं, आणि १९२५ मध्ये रस्ता रुंद करताना अख्खं घर मागे सरकवलं. आत भिंतींचे रंग भडक आहेत. जुन्या पापुद्र्यांचा शोध घेऊन ते परत लावले आहेत. हे बघायलाच हवं, कारण संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीसमोर हे फर्निचर जितकं संयमी दिसतं तितकं ते घरात दिसत नसे.

शनिवार : न्यूयॉर्क

सकाळी बॉस्टन सोडलं, दुपारी मेट्रोपॉलिटन म्युझियम. इथला अमेरिकन विभाग १९२४ मध्ये सुरू झाला. त्याच्या काचेच्या चौकात वॉल स्ट्रीटवरच्या एका जुन्या बँकेचा संगमरवरी दर्शनी भाग उभा केलाय, त्यातून आत जायचं.

न्यूयॉर्क म्हणजे डंकन फाइफ. स्कॉटलंडमध्ये जन्म, लहानपणीच आई-वडिलांबरोबर अमेरिकेत, आधी ऑल्बनी, मग न्यूयॉर्क. दुकान पार्टिशन स्ट्रीटवर, जो पुढे फुल्टन स्ट्रीट झाला. १८४७ मध्ये त्यानं दुकान बंद केलं तोपर्यंत फाइफचं फर्निचर घरात असणं ही शहरात मानाची गोष्ट झाली होती. आजही इथे लिलावात पायांवर उभ्या रेघा दिसल्या की लोक ‘फाइफ’ म्हणतात, मग ते काम कुणाचंही असो.

त्याच्या खुर्च्यांची पाठ लायर या ग्रीक तंतुवाद्याच्या आकाराची, आणि पुढचे पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले. मामा त्या वळलेल्या पायाशी अडले. वळणात लाकडाची रेघ मध्येच तुटते आणि पाय तिथेच मोडतो, हा त्यांचा अनुभव. म्हणून ते रेघ कुठून कुठे जाते ते बघत राहिले, मग म्हणाले, “लाकूड निवडून घेतलंय यानं. वळणाबरोबर रेघ वळतीये.” अशा पायासाठी फळीच्या ढिगातून योग्य तुकडा शोधण्यात किती वेळ जातो हे मला माझ्या सुतारकामाच्या संध्याकाळच्या वर्गात कळलं आहे.

रिचमंड रूम नावाच्या खोलीत फाइफबरोबर शार्ल-ओनोरे लॅनुइए याचंही काम आहे. हा पॅरिसला शिकलेला, १८०३ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि १८१९ मध्ये चाळिशीतच गेला. त्याच्या लेबलवर मजकूर फ्रेंचमध्येही होता आणि इंग्रजीतही. फाइफ आवरता हात, लॅनुइए सोन्याचा मुलामा आणि पितळेची नक्षी यांत रमणारा. मामांना फाइफ पटला. मला लॅनुइए, आणि यावर आमचं जर्सी टर्नपाइकपर्यंत एकमत झालं नाही.

रविवार : फिलाडेल्फिया

१७९० ते १८०० या काळात राजधानी इथे होती. इंडिपेंडन्स हॉलमध्ये वॉशिंग्टन ज्या खुर्चीत बसून संविधान सभेचं काम चालवत ती खुर्ची आहे, पाठीवर कोरलेल्या अर्ध्या सूर्याची. जॉन फॉल्वेल यानं ती १७७९ मध्ये केली. गर्दी तिच्यासमोरच असते.

आम्हाला शेजारचा काँग्रेस हॉल जास्त भावला. वर सिनेटच्या दालनात ज्या खुर्च्या आहेत त्यांतल्या काही टॉमस ॲफ्लेकच्या दुकानातून आलेल्या अस्सल आहेत. सरकार नवीन, त्याला बसायला खुर्च्या हव्यात, आणि शहरात आधीपासून नाव असलेला एक स्कॉटिश सुतार ती ऑर्डर घेतो. फार मोठं काही नाही, पण राष्ट्र उभं राहताना अशाही ऑर्डरी निघतात.

फिलाडेल्फियाच्या सुतारांची आणखी एक गोष्ट मामांना सांगितल्यावर ते एकदम जागे झाले. १७९० च्या दशकात इथे मजुरीवर काम करणारे कारागीर आणि दुकानमालक यांच्यात दरावरून भांडण पेटलं, आणि त्यातून दरांची छापील पुस्तकं निघाली. साध्या टेबलाचा अमुक दर. कडेला फिकट रेघ हवी असेल तर वर इतके. पाय निमुळता असेल तर इतके, गोल असेल तर इतके. न्यूयॉर्कमध्येही अशी पुस्तकं निघाली. म्हणजे काचेमागचं मेज समोर असेल तर त्याच्या प्रत्येक रेघेला तेव्हा भाव होता, आणि तो कारागिरांनी भांडून लिहून घेतला होता. “आमच्याकडे सगळं तोंडी,” मामा म्हणाले. “म्हणून बुडायचं.”

सोमवार : वाटेवरचं दुकान

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. दक्षिण पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात जुन्या फर्निचरच्या दुकानापाशी थांबलो. दुकानदार वयस्कर, बोलायला मोकळे. मामा सुतार आहेत हे कळल्यावर त्यांनी दोन कार्ड टेबलं मधल्या जागेत ओढली आणि आम्हाला म्हणाले, सांगा, जुनं कुठलं.

कार्ड टेबल ही फेडरल काळाची खास वस्तू. पत्ते खेळायचे नसतील तेव्हा वरची फळी दुमडून ते भिंतीला लावून ठेवायचं. खेळायचं असेल तेव्हा मागचा एक पाय बिजागरीवर फिरवून बाहेर काढायचा आणि फळी उघडून त्याच्यावर टेकवायची. दोन्ही टेबलं वरून सारखीच दिसत होती. अर्धगोल, मॅहॉगनी, पायांवर घंटेच्या आकाराच्या फुलांची उतरती माळ जडवलेली.

मामांनी मला दुसऱ्या बाजूनं धरायला सांगितलं आणि पहिलं टेबल उलटं केलं. मोबाइलचा दिवा तिरका लावला. आतल्या पाइनवर सरळ, कमीजास्त अंतराच्या रेघा होत्या. ती हातकरवतीची खूण. रंध्याचे उथळ पन्हाळही बोटाला लागत होते. आतलं लाकूड हवा लागून तपकिरी झालेलं, पण फिरता पाय मिटल्यावर जिथे टेकतो तिथली जागा फिकट राहिलेली. दुकानदारांनी बिजागरीचा एक स्क्रू सोडवून हातात दिला. त्याचं टोक बोथट होतं, डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली, आटे हातानं पाडल्यासारखे असमान.

दुसरं टेबल उलटं केल्यावर मामांना काही सेकंदही लागले नाहीत. लाकडावर कमानीसारख्या वाकड्या खुणा होत्या. गोल करवत फिरते तेव्हाच त्या उमटतात, आणि गिरण्यांमधून ती इथे एकोणिसाव्या शतकात बऱ्याच पुढे रुळली. स्क्रूला अणकुचीदार टोक. आतून सगळीकडे सारखाच तपकिरी रंग, म्हणजे रंग देऊन आणलेला. दुकानदार हसले आणि म्हणाले की हे शंभरएक वर्षांपूर्वीचं आहे, आणि तसंच सांगून ते विकतात. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात शताब्दीचं मोठं प्रदर्शन झालं, त्यानंतर देशभर जुन्या काळाची हौस सुरू झाली आणि अशा प्रती हजारो घरांत गेल्या. आज त्या स्वतःच जुन्या झाल्यात. म्हणून वयाचा रंग बघून फसायला होतं. खुणा बघाव्या लागतात.

तिथेच एक गोल मेणबत्तीचं टेबल होतं. दुकानदारांनी टेप दिली. रेघेच्या दिशेनं आणि आडवं, दोन्ही मापं घेतली, तर आडवं माप पाव इंचानं कमी भरलं. लाकूड सुकताना रेघेला आडवं आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. दोनशे वर्षांचं गोल टेबल म्हणूनच थोडं लंबगोल असतं. अगदी काटेकोर गोल भरलं तर प्रश्न विचारायचा.

पहिल्या कार्ड टेबलाची किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. या शतकाच्या सुरुवातीपासून ज्याला इथे ‘ब्राउन फर्निचर’ म्हणतात त्याचे भाव पडले आहेत. तरुण लोकांना गडद मॅहॉगनी नको असतं, घरं लहान, सारखी बदलणारी. सर्वोत्तम वस्तू अजूनही लाखो डॉलरला जातात, पण चांगल्या, प्रामाणिक, मधल्या दर्जाच्या वस्तू एखाद्या नव्या सोफ्याच्या भावात मिळतात. मला याचं वाईट वाटतं. हातानं केलेलं, दोन शतकं टिकलेलं टेबल कुणाला नको होणं हे मला समजून घेता येत नाही. आमच्या घरात त्याला जागा कुठे करायची हे नवऱ्याशी बोलून ठरवणार आहे, आणि दुकानदारांनी महिनाभर ते ठेवायचं कबूल केलंय.

मंगळवार : विंटरथर

डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनजवळ हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँ यांचं हे घर. १९५१ पासून ते संग्रहालय आहे. १७५ सजवलेल्या खोल्या आणि ९०,००० च्या आसपास वस्तू. एवढ्या वस्तू एका दिवसात बघायच्या नसतात, म्हणून आम्ही फेडरल काळाच्या खोल्या मागून घेतल्या.

आत शिरल्यावर मॉन्टमॉरेन्सी जिना. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका घरातून उचलून आणलेला. आधाराला खांब नाही, वळत वर जातो. मामा खालीच उभे राहिले आणि जिन्याचं ओझं भिंतीत कुठे शिरतंय ते शोधत राहिले. गाइडबाई कौतुकानं थांबल्या.

जेवणाच्या खोलीत बेंजामिन वेस्टचं अपुरं राहिलेलं चित्र आहे. १७८३ च्या तहाच्या वाटाघाटी करणारी अमेरिकन मंडळी डावीकडे, आणि उजवीकडे जिथे ब्रिटिश प्रतिनिधी यायचे तिथे नुसती रिकामी जागा. त्याच खोलीत साइडबोर्ड आहे, म्हणजे ताटंवाट्या, चमचे, बाटल्या ठेवायचं लांब, खणाखणांचं, उंच पायांचं कपाट. हा प्रकारच या काळात रुळला. त्याआधी श्रीमंतांकडेही जेवणासाठी वेगळी खोली असेलच असं नव्हतं. खोली वेगळी झाली, मग तिच्यासाठी वेगळं फर्निचर लागलं. बायकांच्या शिवणाचं रेशमी पिशवी लटकवलेलं छोटं टेबलही याच सुमाराचं.

माझ्यासाठी दिवसाचा कळस होता सीमोर बापलेकांचं टॅम्बूर डेस्क. लिहायच्या फळीमागे दोन सरकती दारं. दार म्हणजे अखंड फळी नव्हे, लाकडाच्या अगदी बारीक उभ्या पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या. सरकवलं की पट्ट्या खोबणीतून वळत कपाटाच्या पोटात जातात. सीमोरनं त्या पट्ट्यांवर फिकट लाकडाची फुलमाळ जडवली, आणि ती प्रत्येक पट्टीवर तुटत तुटत जाते, तरी दार बंद असताना माळ अखंड दिसते. हे करायचं तर आधी पट्ट्या चिकटवायच्या, मग माळ जडवायची, मग फटी परत मोकळ्या करायच्या. आतल्या खणांच्या कप्प्यांना त्यांचा नेहमीचा फिकट निळा रंग. गडद मॅहॉगनी उघडल्यावर तो निळा दिसतो तेव्हा मन प्रसन्न होतं.

इथे मॅहॉगनीबद्दलही बोलावंच लागेल. हे लाकूड जमैका, सेंट डॉमिंगो, होंडुरासच्या किनाऱ्यावरून येई आणि तिथल्या जंगलात ते तोडणारे, ओढत नदीपर्यंत नेणारे हात गुलामांचे होते. कारागिरांच्या दरांची पुस्तकं छापली जात होती त्याच वर्षांत. मामांनी विचारलं, “त्यांचा दर कुणी लिहिला?” गाइडबाईंनी या प्रश्नाचं उत्तर टाळलं नाही. तो दर कुठल्याच पुस्तकात नाही, आणि खोली दाखवताना हे सांगायचं आता आम्ही ठरवलंय, असं त्या म्हणाल्या.

बुधवार : बॉल्टिमोर

होमवुड हाउस आणि बॉल्टिमोर म्युझियम ऑफ आर्ट शेजारी शेजारी आहेत. होमवुड १८०१ मध्ये बांधायला घेतलं, चार्ल्स कॅरोल ज्युनियरसाठी, वडिलांच्या पैशानं. वडील म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे कॅरोल. घरात राबणाऱ्या गुलाम कुटुंबांबद्दलही तिथे सांगतात, नावांसकट.

बॉल्टिमोरचा हात लगेच ओळखू येतो. घंटेच्या फुलांची माळ बॉस्टनमध्येही जडवतात, पण इथल्या फुलाची मधली पाकळी लांब उतरते. कारण हे जडावकाम करून विकणारे कारागीर वेगळे असत. सुतार त्यांच्याकडून तयार फुलं, शिंपले, गरुड विकत घेई आणि आपल्या लाकडात बसवी. एखाद्या टेबलावरचा गरुड बघून त्याच्याभोवतीचे तारे मोजणारे आणि तेव्हा देशात तितकी राज्यं होती असं धरून वर्ष सांगणारे लोक भेटतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. गरुड तयार मालातला असेल तर तारे त्या टेबलाबद्दल काहीच सांगत नाहीत.

इथली सगळ्यात वेगळी वस्तू म्हणजे जॉन आणि ह्यू फिनले या भावांच्या रंगवलेल्या खुर्च्या, १८०३ ते १८०५ च्या सुमाराच्या. मॅहॉगनी नाही, जडावकाम नाही. गडद रंग, सोनेरी नक्षी आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीच्या वरच्या पट्टीवर बॉल्टिमोरमधल्या एका घराचं चित्र. ही चित्रं फ्रान्सिस गाय यानं काढली असं मानतात. मामा एकाच खुर्चीसमोर वाकले. चित्रातलं घर हातभर लांबूनही नीट वाचता येत होतं, खिडक्या, दारापुढची झाडं, कुंपण. पुढचा पाय जिथे बैठकीला जोडलाय तिथे रंगाला केसाएवढी चीर गेली होती, आणि मामांनी त्या चिरेवरून आतला सांधा कसा असेल ते मला कागदावर काढून दाखवलं.

१८०९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घरासाठी, डॉली मॅडिसन यांच्या बैठकीच्या खोलीसाठी, बेंजामिन लॅट्रोबनं आखलेल्या खुर्च्या आणि सोफे याच फिनले भावांनी केले. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्यानं ते घर जाळलं, त्यात ते सगळं गेलं. लॅट्रोबची रेखाटनं उरली आणि ती याच शहरातल्या इतिहाससंस्थेच्या संग्रहात आहेत. ती बघायला या वेळी सवड झाली नाही, मामांचं विमान शुक्रवारचं होतं. पुढच्या खेपेला तिथूनच सुरुवात करायची असं आम्ही परतताना गाडीत ठरवलं, आणि सांगलीला गेल्यावर टॅम्बूरचं दार करून बघण्यासाठी कुठलं कापड आणि कुठला सरस वापरायचा यावर बोलत न्यू जर्सीला पोहोचलो.